दिल्लीचं पान

चंद्रप्रभा ओगलेला सायकल चालवता येत नव्हती. रस्ता ओलांडताना ती अजूनही दोनदा मागे फिरायची. आणि तरीही पालमच्या विमानतळावरून उडणाऱ्या पाच वैमानिकांना कुठे वळायचं ते ही बाई सांगते, असं वसाहतीतल्या बायका थट्टेने म्हणत. त्या थट्टेत बरंच तथ्य होतं.

विमान जमिनीवरून उठलं की वाटेल तिकडे जात नाही. किती उंचीपर्यंत सरळ जायचं, मग डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे प्रत्येक विमानतळाचं ठरलेलं असतं आणि ते एका पानावर छापलेलं असतं. त्याला म्हणायचं डिपार्चरचं पान. अशी शे-दोनशे पानं एका काळ्या, जाड, कड्यांच्या पुठ्ठ्यात लावलेली, ते वैमानिकाचं मॅन्युअल. जमिनीवरचे रस्ते पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतात, आकाशातले मात्र सारखे बदलतात. नव्या पानांचं पाकीट ऑफिसातून यायचं. जुनी काढायची, नवी घालायची, सोबतच्या यादीवर खुणा करायच्या. बदल कोणताही असो, लागू व्हायचा गुरुवारी. हे काम इतकं कंटाळवाणं की बहुतेक वैमानिक ते बायकोवर ढकलत. शर्टाचं बटण लावणं आणि मॅन्युअलची पानं बदलणं एकाच खात्यात.

चंद्रप्रभेला मात्र ते काम मनापासून आवडायचं. ती बेळगावच्या पोस्टमास्तरांची मुलगी, कॉन्व्हेंटात शिकलेली. तिथल्या सिस्टर अ‍ॅग्नेस शिवणकामापासून हजेरीपटापर्यंत सगळ्याला एकच नियम लावत: रद्द झालेली गोष्ट रद्द झालेली दिसली पाहिजे. म्हणून चंद्रप्रभा काढलेल्या प्रत्येक पानावर लाल शाईने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची आणि खाली तारीख घालायची. १९६२ साली नवऱ्याची, श्रीरंगची, बदली कलकत्त्याहून दिल्लीला झाली. मुनिरकेच्या अलीकडे नव्या वस्तीत त्यांनी वरचा मजला भाड्याने घेतला, आणि त्याच्या मॅन्युअलमागून मित्रांचीही मॅन्युअलं हळूहळू तिच्या जेवणाच्या टेबलावर येऊ लागली. तिने कुणाला नाही म्हटलं नाही. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही पान उलटं लागलं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता. तसं ती कुणाला बोलून दाखवत नसे, एवढंच.

काढलेली पानंही वाया जात नसत. त्यातली बरीचशी कंपनीने स्वतः सायक्लोस्टाइल केलेली, एकाच बाजूला छापलेली असत. मागची बाजू कोरी करकरीत. त्यावर त्यांची मुलगी उल्का गणिताचं कच्चं काम करायची. चौथीतली ही पोर जन्मापासून दिल्लीतली, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतंच. "आई, बाबांचे रफवाले कागद संपले, और दे ना," असं म्हणायची.

पाकीट आणून द्यायचे ते खंडेराव मोहिते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले कराडकडचे गृहस्थ, छावणीजवळ राहायचे, आणि कंपनीच्या पानांच्या खोलीत तात्पुरत्या नोकरीवर होते. खरं तर वैमानिकांनी ऑफिसात येऊन, रजिस्टरवर सही करून पाकीट न्यायचं. पण खंडेरावांच्या फौजेच्या कागदांत त्यांचं नाव चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत चंद्रप्रभेने सात महिने इंग्रजीत पत्रं लिहिली होती. तेव्हापासून ओगल्यांचं पाकीट खंडेराव सायकलवरून स्वतः घरी आणत. एकदा तिने सहीसाठी रजिस्टर मागितलं, तर त्यांनी दोन्ही कान पकडले.

"वहिनी, देवळात नारळ ठिवला तर पावती मागतं का कोण?"

तिला हसू आलं. तेव्हा ते हसण्यावारी गेलं ते गेलंच.

श्रीरंग ओगले म्हणजे शांत, नेमका, थोडा हट्टी माणूस. सांगलीच्या शाळामास्तरांचा मुलगा. सहासष्ट साली तो कॅप्टन झाला, तेव्हा गणवेशाच्या खांद्यावरची चौथी सोनेरी पट्टी चंद्रप्रभेने स्वतः शिवली होती. दिल्लीचं डिपार्चर त्याला इतकं पाठ होतं की दाढी करताना तो ते रामरक्षेसारखं पुटपुटायचा: "दोन हजार फुटांपर्यंत सरळ, मग डावीकडे, दक्षिणेला वळसा..." लखनौ-पाटण्याचं त्याचं विमान सकाळी पावणेआठला उडायचं, डावीकडे वळून दिल्लीला दक्षिणेकडून वळसा घालायचं आणि कुतुबमिनाराच्या अंगाने पूर्वेला निघून जायचं. चंद्रप्रभा त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत असे. दोन पंखे फिरत असलेलं ते विमान तिला नेमकं दिसायचं.

"मला तुझी कपड्यांची दोरी दिसते वरून," तो म्हणायचा.

"खोटं!"

"काल माझा पांढरा शर्ट उलटा टांगला होतास."

खोटंच होतं ते. पण त्यानंतर ती शर्ट सुलटे टांगू लागली.

१९७३ च्या फेब्रुवारीत श्रीरंग पुतणीच्या लग्नासाठी दहा दिवस रजा काढून सांगलीला गेला. उल्काची परीक्षा जवळ आली होती, म्हणून चंद्रप्रभा मागे राहिली. सोमवारी, बारा तारखेला, खंडेराव पाकीट देऊन गेले. बुधवारी संध्याकाळी तिने टेबल पुसलं आणि पाचही मॅन्युअलं मांडली. या वेळच्या यादीत दिल्ली होती. मुंबईकडून येणाऱ्या विमानांना दक्षिणेची बाजू मोकळी करून दिली होती. उडणाऱ्यांनी आता उजवीकडे वळून उत्तरेकडून वळसा घालायचा होता. गुरुवार, पंधरा फेब्रुवारीपासून.

श्रीरंगचं जुनं पान काढताना तिचा हात क्षणभर थांबला. त्यावर 'लेफ्ट' या शब्दाभोवती त्याने कॅप्टन झाला त्या वर्षी निळ्या पेन्सिलीने गोल काढला होता. उद्यापासून त्याचं विमान गच्चीवरून दिसणार नव्हतं. चाळिशीला आलेल्या बाईने असल्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यावं याची तिला स्वतःशीच लाज वाटली. तिने तिरकी रेघ मारली, तारीख घातली, नवं पान लावलं, यादीवर खूण केली. जुनं पान उल्काच्या गठ्ठ्यात गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी श्रीरंग गाडीने आला. लग्नाच्या गप्पा झाल्या, सांगलीहून आणलेले भडंगाचे डबे उघडले गेले. झोपायला जाण्याआधी ती म्हणाली, "पानं सगळी बदलली आहेत. एकदा बघून घ्या."

"बघतो."

दिल्लीचंही बदललंय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर गच्चीचंही सांगावं लागलं असतं. ती बोलली नाही. सकाळी ऑफिसात सगळे तेच तर बोलत असणार, असं तिने स्वतःला समजावलं.

शनिवारी सकाळी ती सवयीने बादली घेऊन गच्चीवर गेली. ऊन कोवळं होतं. शेजारच्या गच्चीवर कुणी मटारच्या शेंगा निवडत बसलं होतं. पावणेआठ झाले, आणि कानांना ओळखीचा आवाज आला. तिने मान वर केली. कुतुबाच्या अंगाने, नेहमीपेक्षा खालून, दोन पंख्यांचं विमान पूर्वेला चाललं होतं.

आज ते दिसायला नको होतं.

ओला टॉवेल हातात तसाच धरून ती उभी राहिली. मग खाली आली आणि घड्याळासमोर बसली.

तो दुपारी घरी आला. एरवी संध्याकाळ व्हायची. जिना चढतानाच त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"मला खाली बसवलंय, प्रभा. चौकशी होईपर्यंत उडायचं नाही."

झालं होतं ते त्याने थोडक्यात सांगितलं. तो डावीकडे वळला. शेजारी बसलेला तरुण सहवैमानिक अविनाश "सर, उजवीकडे" म्हणाला तोपर्यंत पंख कलला होता, आणि पाठोपाठ टॉवरचा आवाज आला. मुंबईहून येणारं विमान त्याच बाजूने खाली उतरत होतं. टॉवरने त्याला वरच रोखलं, ह्याला खालून जाऊ दिलं. दोघांमध्ये आठशे फूट राहिले. प्रवाशांना काही कळलं नाही. ते टॉफ्या चघळत लखनौला पोचले.

"तुम्ही पान पाहिलं नव्हतं?" तिने विचारलं.

"पाहिलं होतं. डावीकडेच होतं."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला दिसत होतं. त्याचा त्यावर खरंच विश्वास होता.

रविवारी सकाळी बळवंत जगताप आला. तोही कॅप्टन, श्रीरंगचा कलकत्त्यापासूनचा दोस्त, त्याचंही मॅन्युअल चंद्रप्रभाच करायची. खुर्ची ओढून बसता बसताच त्याने सुरुवात केली.

"यार रंगा, तोंड पाडून बसू नकोस. मी रजिस्टर बघून आलोय. तुझ्या नावापुढे सही नाही! कोरं! तू रजेवर होतास, पाकीट तुला मिळालंच नाही. विषय संपला."

"पण मॅन्युअलमध्ये आता नवं पान आहे," श्रीरंग म्हणाला.

"आहे ना. रविवारी आलं, रविवारी लावलं. कोण विचारतंय? मंगळवारी चौकशीच्या तिघा साहेबांसमोर एवढंच सांग, शनिवारी माझ्याकडे जुनंच पान होतं. तू तर म्हणतोसच तसं पाहिलं म्हणून."

चंद्रप्रभेने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. "बळवंतभावजी, ते पान मी बुधवारी लावलंय."

"वहिनी, पाच-पाच मॅन्युअलं करता तुम्ही. माणूस आहात, मशीन नाही. एखादं राहिलं असेल."

"तुमचं राहिलं होतं का?"

बळवंत हसला. "माझं नाही राहिलं, बिल्कुल नाही. पण समजा ह्याचं राहिलं, तर त्यात तुमचं काय जातंय? तुमचं नाव कुठेच येत नाही. आणि सही नसली की दोष पानांच्या खोलीचा. इकडे ह्याची चौथी पट्टी जाईल हो! उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून कालच्या पोरांना 'यस सर' म्हणावं लागेल."

चंद्रप्रभेने नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता. तिच्या अकरा वर्षांच्या कामाबद्दल तो एक शब्द बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही.

त्या दुपारी तिने उल्काचा कच्च्या कागदांचा गठ्ठा दोनदा उपसला. पाटणा होतं, गया होतं, बागडोगरा होतं. दिल्लीची बाकी चौघांची पानंही होती, निळ्या गोलाचं तेवढं नव्हतं.

सोमवारी सकाळी श्रीरंग ऑफिसात जबाब लिहून द्यायला गेला होता, तेव्हा दारात सायकलची घंटी वाजली. खंडेराव आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, टोपी नीट केली.

"या ना आत. चहा टाकते."

"नको वहिनी. एक सांगायला आलो. उद्या मला बी बोलावलंय. साहेबांना म्हणावं, निर्धास्त ऱ्हावा. साहेब म्हणले पान नव्हतं, तर नव्हतं. मी म्हणंन, माझ्याकडनं पाकीट ऱ्हायलं."

"अहो, पण तुम्ही सोमवारी आणून दिलंत! इथे, ह्या टेबलावर ठेवलंत!"

"ठिवलं. पण सही न्हाई. सही न घ्यायची चूक माझीच की." त्यांनी टोपी पुन्हा नीट केली. "ठकूबाई म्हणती, नोकरी गेली तर गावाकडं जाऊ. तिला तर तेच पायजे. दिल्लीचं पाणी तिला कवाच मानवलं न्हाई."

हे सांगताना ते हसले. पण त्यांच्या बायकोने, ठकूबाईंनी, महिनाभरापूर्वी आपल्या दारापाशी तुळस लावून तिला विटांचा कट्टा केला होता, तो चंद्रप्रभेने स्वतः पाहिला होता. गावी निघालेली बाई कट्टा बांधत नाही. खंडेरावांनी सलाम केला आणि सायकल वळवली.

दुपारी उल्का शाळेतून आली. दप्तर फेकलं, वही काढली.

"आई, एक पिन दे ना. जुनी वाली निघाली. बाई म्हणाल्या रफ काम वहीला लावूनच द्यायचं, नाही तर मार्क कट."

चंद्रप्रभेने वही हातात घेतली. भागाकाराच्या पानाला मागून एक कागद टाचलेला होता. त्यावर उल्काची तिरपी गणितं, खाली बाईंची लाल सही आणि तारीख: सोळा दोन त्र्याहत्तर. शुक्रवार. तिने कागद उलटा केला. पालम. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिची तिरकी रेघ. तिच्या हातची बुधवारची तारीख. आणि 'लेफ्ट' भोवती निळ्या पेन्सिलीचा गोल.

शनिवारी सकाळी जे पान श्रीरंगने पाहिलं असं तो म्हणत होता, ते शुक्रवारीच शाळेत जाऊन तपासून आलं होतं.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. आपण चुकलो नव्हतो! मग लगेच कळलं की हा कागद बाहेर पडला तर नवऱ्याची पट्टी गेलीच. आत राहिला तर खंडेरावांची नोकरी गेली. आणि तो आत ठेवणं इतकं सोपं होतं. पिन लावायची आणि वही दप्तरात टाकायची, बस्स. तिने पिन लावली. वही दप्तरात मात्र टाकली नाही.

श्रीरंग पाच वाजता आला. तिने चहाचा कप ठेवला आणि कपाशेजारी वही, त्या पानावर उघडून.

"हे काय, उल्काचा भागाकार?"

"मागची बाजू बघा."

त्याने बघितलं. गोलावरून बोट फिरवलं. पुन्हा उलटून बाईंची तारीख वाचली.

"प्रभा," शेवटी तो म्हणाला, "मी पान पाहिलंच नव्हतं."

"हं."

"लखनौचं उघडलं. पाटण्याचं उघडलं. दिल्लीचं... दिल्लीचं मी किती वर्षांत उघडलं नसेन. डोळ्यांसमोर आलं ते मनातलंच. आपल्या घरच्या जिन्याच्या पायऱ्या कुणी मोजत बसतं का?"

"मी मोजते," ती म्हणाली. "सतरा आहेत."

त्याने वर पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"माझीही चूक आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी सांगणार होते मी, दिल्ली बदललीय म्हणून. नाही सांगितलं."

"का?"

"आता तुमचं विमान गच्चीवरून दिसणार नाही, ते सांगायची लाज वाटली."

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "आज जबाब दिला नाही मी. उद्या तोंडीच सांगतो म्हटलं. बळवंतने लिहून दिलेला कागद खिशात आहे."

"खंडेराव आले होते सकाळी. सगळं स्वतःवर घ्यायला तयार आहेत." तिने वहीकडे बोट दाखवलं. "ही वही उद्या उल्काबरोबर शाळेतही जाऊ शकते. मी कुणाला काही बोलणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

ते तिला फार जड गेलं. ठरवून टाकणं तिला सोपं होतं. पण ज्याने विमान वळवलं, तोंडही त्यानेच उघडायला हवं होतं.

श्रीरंगने खिशातला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि कपाखाली सरकवला.

"उल्का, तुझी गणिताची वही उद्या मला लागेल."

"अरे! मग बाईंना मी काय सांगू?"

"सांग, बाबांचं एक गणित चुकलंय. ते दुरुस्त करायला नेलीय."

"बाबा, तुमचं पण चुकतं?" उल्काला हे फारच आवडलं. "पण खराब नका करू हं. आणि परत आणा."

मंगळवारी आत काय झालं ते चंद्रप्रभेला अविनाशने येऊन सांगितलं. तोही साक्षीसाठी गेला होता. चेहरा लाल झाला होता पोराचा. पाणी प्यायला आणि उभ्यानेच बोलू लागला.

"काकू, सर आत गेले आणि टेबलावर ती वही ठेवली. म्हणाले, पाकीट माझ्या घरी सोमवारी आलं. खंडेराव मोहित्यांनी स्वतः आणून दिलं. बुधवारी माझ्या पत्नीने पान बदललं. अकरा वर्षांत तिच्या हातून चूक झालेली नाही आणि याही वेळी झाली नाही. हे जुनं पान, हा माझा पेन्सिलीचा गोल, ही शाळेतल्या बाईंची तारीख. नवं पान माझ्या मांडीवर होतं आणि मी ते उघडलं नाही. एवढंच माझं म्हणणं आहे."

"असंच म्हणाले? माझ्याबद्दलही?"

"शब्दन्‌शब्द. मग तिघांतले ज्येष्ठ साहेब वही चाळत म्हणाले, कॅप्टन, ह्यातला सातवा भागाकार चुकलाय. तर सर म्हणतात, तो तपासायला बाई आहेत, साहेब. माझं तुम्ही तपासा!"

अविनाश हसायला लागला आणि मग रिकामा पेला खाली ठेवला. "काकू, पान माझ्यापुढे उघडं होतं. मी आधीच बोलायला हवं होतं. पण दिल्लीचं डिपार्चर ओगले सरांना कोण सांगणार, असं वाटलं मला. हेही मी आत सांगून आलो. सरांनी सांगितल्यावर मला गप्प बसवेना."

निकाल आठवड्याने लागला. सहा महिने उजवी खुर्ची, तीन पट्ट्या. अविनाशला समज मिळाली. खंडेरावांना एक कडक पत्र मिळालं आणि नोकरी राहिली.

त्या संध्याकाळी चंद्रप्रभेने शिवणाचा डबा काढला आणि श्रीरंगच्या गणवेशाच्या दोन्ही खांद्यांवरची चौथी पट्टी उसवली. एकेक टाका जपून उसवला, कापड ओढलं जाऊ दिलं नाही. पट्ट्या कागदात गुंडाळून बटणांच्या डबीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तो तीन पट्ट्यांनिशी सतरा पायऱ्या उतरून गेला, तेव्हा ती गॅलरीत उभी होती. चौथी पट्टी शिवली त्या दिवशीही तिला तो इतका उंच वाटला नव्हता.

लोक बोललेच. समोरच्या घरातल्या अलकनंदा चढ्ढांनी तिला भाजीच्या गाडीपाशी गाठलं. "ओगले बहनजी, कागज़ आपको ही मिला था न? फाड़ देतीं! किसको पता चलता?"

"मुझे," चंद्रप्रभा म्हणाली आणि पालकाची जुडी उलटून बघू लागली.

बळवंत महिनाभर फिरकला नाही. मग एक दिवस त्याचं मॅन्युअल आलं, वर चिठ्ठी: 'वहिनी, नेहमीप्रमाणे.' योगायोग असा की श्रीरंगला उजव्या खुर्चीत बसायचं होतं ते बऱ्याचदा बळवंतच्याच शेजारी. उड्डाणाआधी श्रीरंग दिल्लीचं पान उघडायचा, ओळींखाली बोट धरायचा आणि पहिलीतल्या मुलासारखं मोठ्याने वाचायचा.

"अरे, येतं रे मला ते," पहिल्या दिवशी बळवंत वैतागला.

"मलाही येत होतं," श्रीरंग म्हणाला आणि पुढची ओळ वाचली.

सप्टेंबरात पट्ट्या डबीतून बाहेर आल्या. चंद्रप्रभेने त्या पुन्हा शिवल्या, जुन्याच भोकांतून. श्रीरंग डाव्या खुर्चीत गेला, पण बोट धरून वाचणं सुटलं नाही. तरुण पोरं आधी पाठीमागे नक्कल करायची. मग त्यांच्यातल्याही दोघा-तिघांना ती सवय लागली, असं अविनाश सांगायचा. गच्चीवरून विमान दिसत नव्हतं ते नव्हतंच. पावणेआठला ती कपडे टांगायची आणि शर्ट सुलटे टांगायची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती पानं बदलायला बसली, तर श्रीरंगच्या मॅन्युअलमधली बाकीची पानं कोरी करकरीत होती आणि दिल्लीचं पान मात्र पार जीर्ण झालं होतं. कडा मऊ पडल्या होत्या, 'राइट' या शब्दाखाली बोटाचा काळपट पट्टा उमटला होता आणि कड्यांपाशी भोकं फाटून पान निखळायला आलं होतं.

सोमवारी खंडेराव आले. आता ते रजिस्टर घेऊन येत, पण पुढे करताना अजून संकोचत.

"खंडेराव, दिल्लीचं पान आणखी एक हवंय. बदललेलं नाही, हेच. हे फाटलं."

"दिल्लीचं? फाटलं?" त्यांनी रजिस्टर उघडलं. "इतक्या वर्सांत फाटलं म्हणून कुणी मागितलं न्हाई बघा. हरवलं म्हणून मागत्यात. आता हितं कारण लिवावं लागतं. काय लिवू?"

"लिहा," चंद्रप्रभा म्हणाली, "वाचून वाचून फाटलं."

खंडेरावांनी सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं. मग रजिस्टर दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "आन्‌ हितं सही, वहिनी. पुऱ्या नावाची."

तिने पेनाचं टोपण काढलं आणि सिस्टर अ‍ॅग्नेसनी शिकवलेल्या वळणात, रेघेला धरून, पूर्ण नाव लिहिलं: चंद्रप्रभा श्रीरंग ओगले. खाली तारीख घातली. मग घड्याळाकडे पाहून वेळही घातली.